गरोदरपणातला धूर आणि मुलाचं पुढे माणसांत मिसळणं

पाचवा_महिना:
घर रहदारीच्या रस्त्याला लागून आहे. परवा वाचलं की गरोदरपणी डिझेलच्या धुराशी संबंध आला तर पिल्लं पुढे इतरांत मिसळत नाहीत, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. तेव्हापासून खिडकी उघडायचीही धास्ती वाटते. यात तथ्य किती? घर बदलणं आत्ता शक्य नाही. आणखी एक, बाळाच्या खोलीचा जुना रंग खरवडून नवा द्यायचं काम कालच काढलंय. मी तिथे जाऊन येऊन असते, चालेल ना?

तीन_कप्पे:
ताई, आधी शेवटचं. खरवडणं आजच थांबवा आणि त्या खोलीत जाऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ घरभर होते. शिसं वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतं. गर्भात आणि पहिल्या वर्षांत मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तो बुद्धीपुरता राहत नाही. लक्ष न टिकणं, पटकन भडकणं हेही त्यात येतं. तुम्हाला धुराची काळजी लागलीय, मला या खोलीची जास्त वाटते.

आता उंदीर. मी वर्तनाच्याच प्रयोगशाळेत काम करते. तीन कप्प्यांची पेटी असते. एका टोकाला जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला नुसती वस्तू. पिल्लू मधून सोडायचं आणि ते कुठे किती वेळ घालवतं ते मोजायचं. बहुतेक पिल्लं जाळीशी नाक लावून हुंगत बसतात. काही मात्र दोन्हीकडे सारखीच फिरतात, जणू तिथे कुणी जिवंत आहे हे त्यांच्या लेखीच नाही. ते बघताना मला दर वेळी वाईट वाटतं.

तुम्ही वाचलेला प्रयोग बहुधा स्टेसी बिल्बो यांच्या गटाचा असावा. त्यात नुसता धूर नव्हता. माद्यांना डिझेलचे कण दिले होते, शिवाय ताण यावा म्हणून घरट्याचं सामानही तोडकंच ठेवलं होतं. धूर आणि ताण एकत्र आल्यावर नर पिल्लांत फरक दिसला. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूपेशींमधले नको असलेले जोड छाटतात, ती छाटणीच बिघडली होती.

शंकासुर:
धूर पूर्वीही होता. आमची मुलं ठणठणीत आहेत, चार माणसांत मिसळतात. उगीच पोटुशी बाईला घाबरवू नका.

तीन_कप्पे:
घाबरवायचं नाहीच. पण ‘आमची ठणठणीत’ यावरून काही ठरत नाही, कारण एकेका मुलात फरक एवढासा असतो की घरात कळतही नाही. तो हजारो मुलांच्या सरासरीत दिसतो, आणि मुळात काठावर असलेल्या मुलांना तोच जड जातो. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाने धूम्रपान न करणाऱ्या गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणारी पिशवी दिली, ४८ तास. मग त्यांच्या मुलांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. गाड्यांच्या आणि कोळशाच्या धुरातली ‘पीएएच’ रसायनं ज्यांच्या वाट्याला जास्त आल्याचं त्यांच्या रक्तावरून दिसलं, त्यांच्या मुलांना स्वतःला आवरणं आणि इतरांशी जुळवून घेणं जास्त अवघड गेलं. २०१६ साली हे छापून आलं. हा संबंध आहे, कुणा एका बाळाचं भविष्य नाही.

दोन_पोरांचा_बाप:
मग करायचं काय ते सांगा की.

तीन_कप्पे:
रस्ता तुंबलेला असेल तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावा, वाहतूक ओसरली की उघडा. झोपायच्या खोलीत हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) गाळणीचा प्युरिफायर जमला तर उत्तम. चालायला आतला रस्ता धरा. आणि लोह, कॅल्शियम डॉक्टरांनी दिलंय तसं घ्या. आईच्या हाडांत साठलेलं जुनं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं, कॅल्शियम पुरेसं असलं की ते कमी उतरतं. ताण कमी करणं हेही यात आलं, आणि ते एकट्या ताईंचं काम नव्हे, घरच्यांचं आहे.

पाचवा_महिना:
काम थांबवलं. रंगाचे पापुद्रे तपासायला दिलेत. पण धूळ आधीच बसलीय, ती झाडून घेऊ का?

तीन_कप्पे:
तुम्ही नाही, आणि झाडू तर कुणीच लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची, फडकी टाकून द्यायची. ते होईपर्यंत दार बंद आणि फटीला ओलं कापड. डॉक्टरांना हे सगळं सांगून रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या.