गाडी बदलायची कुर्डुवाडी

परवा ठाणे स्टेशनात लातूर एक्सप्रेसची वाट बघत होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुर्डुवाडीला उतरून बदलायची ना?" तिथली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी गाडी, जाऊन किती वर्षं झाली! ठाणे-नवी मुंबईत आपल्या सोलापूर-धाराशिव-लातूरची माणसं पुष्कळ आहेत. कुर्डुवाडीच्या आठवणी इथे सांगा.

माझ्यापासून सुरुवात. आजोळ बार्शी. पहाटे मोठ्या गाडीतून पेंगत उतरायचं, तर पलीकडे अडीच फुटी रुळांवर खेळण्यातली वाटावी अशी गाडी. ती निघेपर्यंत चहा, भजी, पुन्हा चहा. आई म्हणायची, या गावाला आपण लवकर पोचलेलं आवडत नाही.

कळवा : आमचे आजोबा तिथल्या वर्कशॉपात फिटर. बार्शी लाइट, म्हणजे ही छोटी लाइन, कधी कुठे पोचली ते त्यांना तोंडपाठ. 1897ला बार्शी, 1906ला पंढरपूर, 1911ला लातूर, 1927ला मिरज. कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड, हे ते जरा नाक मुरडूनच सांगत. 1954ला सरकारनं लाइन ताब्यात घेतली. ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉपसाहेबाचं नाव मात्र ते घरच्या माणसासारखं घ्यायचे.

तुर्भे : वडील कुर्डुवाडीत हमाल होते. छोट्या मालगाडीच्या वाघिणीतली पोती पाठीवर घेऊन मोठ्या वाघिणीत टाकायची. अर्धं काम ट्रकनी नेलं, उरलेलं रुंदीकरणानं. रूळ सारखे झाल्यावर पोतं उतरवायचं कशाला? मी वाशीच्या बाजारात माथाडी. पाठ तीच, गाव बदललं.

घणसोली : आषाढीला छोट्या गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी, आत तर विचारूच नका. काकांचं स्टेशनसमोर चहाचं हॉटेल. त्या दिवसांत दूध पुरायचं नाही. आधी पंढरपूरची लाइन मोठी झाली, 2008ला लातूरची. लोक झोपेतच कुर्डुवाडी ओलांडायला लागले. काकांनी आधी रात्रीचा पोऱ्या कमी केला, मग बाकडी विकली. मला रेल्वेचा फार राग यायचा, खोटं कशाला बोलू. एप्रिल 2016ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. जुन्या लाइनीवर एवढं पाणी कुठलं जायला! तेव्हा राग निवळला. कौतुकानं काकांना फोन केला, म्हटलं, तुमच्या स्टेशनावरून चाललीय.

"जाऊ दे की. पाण्याला चहा लागत नाही."