‘हार्डली’चा अर्थ ‘कष्टाने’ असा का होत नाही?

प्रश्न
माझी भाची मराठी माध्यमातून दहावी होऊन यंदा अकरावीत गेली आहे. तिने निबंधात ‘माय फादर वर्क्स हार्डली’ असे लिहिले आणि बाईंनी शेवटचा शब्द खोडून ‘हार्ड’ केला. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, तर ‘हार्ड’चे ‘हार्डली’ केल्यावर अर्थ उलटा का व्हावा, असे ती विचारते. शिवाय आपण बोलताना ‘हार्डली दहा मिनिटे लागतील’ म्हणतो, ते योग्य आहे का?

पहिले उत्तर
बाईंची दुरुस्ती योग्य आहे. ‘फास्ट’प्रमाणेच ‘हार्ड’ हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणून एकाच रूपात वापरला जातो. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो मेहनत करतो; ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो फारसे कामच करत नाही. निबंधातल्या वडिलांवर अन्यायच झाला असता.

दुसरे उत्तर
तरीही भाचीचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, कारण पूर्वीच्या इंग्रजीत ‘हार्डली’चा अर्थ ‘जोराने’, ‘कठोरपणे’ असाही होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानात, श्रीमंत माणूस स्वर्गाच्या राज्यात ‘हार्डली’ प्रवेश करील असे वचन आहे. तेथे अर्थ ‘मोठ्या मुश्किलीने’ असा आहे. जे मुश्किलीने घडते ते जवळजवळ घडतच नाही, या वाटेने आजचा अर्थ रूढ झाला.

तिसरे उत्तर
या शब्दाच्या पोटातच नकार आहे, हे भाचीला आवर्जून सांगावे. मराठीत ‘मला फारसे ऐकू येत नाही’ असा ‘नाही’ वेगळा लावावा लागतो, म्हणून आपली मुले ‘आय कान्ट हार्डली हिअर’ लिहितात. प्रमाण इंग्रजीत ‘आय कॅन हार्डली हिअर’ एवढेच पुरे. याच कारणाने वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न होकारार्थी येतो: ‘शी हार्डली स्पीक्स, डझ शी?’

वाक्याच्या आरंभी हा शब्द आला की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते: ‘हार्डली हॅड वी सॅट डाउन व्हेन द बेल रँग’. येथे ‘व्हेन’ येतो. ‘दॅन’ हा ‘नो सूनर’चा जोडीदार आहे, आणि परीक्षेत नेमकी येथेच गल्लत होते. मराठीत आपण ‘आम्ही बसतो न बसतो तोच घंटा वाजली’ म्हणतो, तेथेही ‘न’ आहेच, हे दाखवले की मुलांना ही रचना चटकन उमगते.

‘हार्डली दहा मिनिटे’ यात चूक नाही. मराठी बोलण्यात तो ‘जेमतेम’च्या जागी बसला आहे, आणि ‘जेमतेम’प्रमाणेच त्याच्यापुढे क्रियापद होकारार्थी राहते. लिहिताना मात्र मी ‘जेमतेम’च वापरीन.