मुलं तीच आहेत, रस्ते बदललेत
कोणीतरी लिहिलंय की आजकालची मुलं लाडावलीत म्हणून चालत किंवा सायकलने शाळेत जात नाहीत, ते मला अजिबात पटलं नाही. मी पुण्यात वाढले, तेव्हा हे सायकलींचंच शहर होतं, शाळेच्या स्टँडवर इतक्या दाटीने लावलेल्या असायच्या की एक काढताना अख्खी रांग आडवी व्हायची, दप्तर कॅरिअरच्या चापात, डबा हँडलला, आणि पाय पुरत नसतील तर कैची मारत जायचं. डबलसीट दिसलं की पोलीसमामा हवा सोडायचे!

आपले आईवडील काही जास्त धीट नव्हते हो, रस्त्यावर गाड्याच कमी होत्या. मग घरोघरी स्कूटर आल्या, रस्ते वन-वे होऊन वेग वाढला, शाळाही लांबच्या झाल्या. सातारा रोडला २००६ च्या सुमारास बीआरटीबरोबर (बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर) सायकल ट्रॅक केले, पण मध्येच टपरी, मध्येच पार्किंग, त्यावर दहा वर्षांचं पोर कसं सोडणार सांगा?

खेड्यांत मात्र वेगळं चित्र आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, सातवीनंतर शाळा शेजारच्या गावात असली की हीच सायकल शिक्षण सुटू देत नाही, मामाच्या गावी चार-पाच जणी घोळक्याने जाताना बघून फार बरं वाटतं.

शहरात निदान शाळा भरताना-सुटताना अर्धा तास गेटसमोरचा रस्ता गाड्यांना बंद ठेवावा, कोणाच्या शाळेत असं केलंय का?