डॉ. कोटणीसांना चिनी येत होतं का?

खानापूरच्या बाई:
तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथीला शिकवते. शनिवारी पोरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. सोलापूरचा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये पाच जणांच्या पथकातून चीनला गेला, जपानशी लढाई चालली होती तिथं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारला. वय ३२. भारत-चीन मैत्रीचं प्रतीक, असंही सांगितलं. मागच्या बाकावरची पोरगी उठली, "बाई, त्यांना चिनी येत होतं काय? कुठं दुखतंय ते पेशंट कसं सांगायचे?" तिची आजी कन्नडच बोलते. दवाखान्यात आजीचं दुखणं हीच डॉक्टरला मराठीत सांगते. मला उत्तर देता आलं नाही. कुणाला ठाऊक आहे?

निपाणीच्या सिस्टर (निवृत्त):
येत होतं, बाई. बोलायला, लिहायला शिकले आणि पुढं तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवायचे. चिनी नाव के दिहुआ. सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली ते सगळे सांगतात, खरं मला ही भाषेची गोष्ट जास्त मोठी वाटते. मी नवीन लागले तेव्हा चिकोडीकडची एक बाळंतीण रात्रभर कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती आणि मी नुसता तिचा हात धरून उभी. सकाळी आयाकडून पहिले दोन शब्द शिकले, "एल्ली नोवू?" कुठं दुखतंय? त्या दोन शब्दांवर पुढची नोकरी केली.
आणि पोरांना मुलाचं नाव नक्की सांगा. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, त्या नर्सिंग शिकवायच्या. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा लेकरू चार महिन्यांचंही नव्हतं.

बेळगाव, शहापूर:
आजोळ सोलापूर माझं. तिथं एका बोळात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही कानावर पडतात. अशा गावात वाढलेला माणूस परक्या बोलीला बिचकला नसेल, असं मला वाटतं. भय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक झालंय, सहल काढा. तिकडं शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. १९६२ चं युद्ध होऊनसुद्धा लोक तिथं फुलं वाहतात.

खानापूरच्या बाई:
सिस्टर, सोमवारी फळ्यावर यिन आणि हुआ वेगवेगळं लिहिते, मग जोडून. आणि "एल्ली नोवू" त्या पोरीलाच वर्गाला शिकवायला सांगते.