तिसरा स्ट्राइक निसटला तर फलंदाजाला पळू का द्यायचं?

डावखुरा:
बेसबॉलमधला हा नियम मला कधीच पटलेला नाही. फलंदाजाचा चेंडू हुकला की एक स्ट्राइक; तिसऱ्यांदा हुकला, म्हणजे गेला. पण कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) हातून चेंडू निसटला किंवा टप्पा खाऊन ग्लोव्हमध्ये आला, की हाच गडी पहिल्या बेसकडे (धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्याकडे) धावत सुटतो! पहिला बेस रिकामा हवा किंवा दोन आउट झालेले हवेत, एवढीच अट. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावर स्ट्राइकआउट जमा आणि फलंदाज बेसवर उभा. बिचाऱ्या पिचरने काय पाप केलं? तिसरा स्ट्राइक म्हणजे आउट, विषय संपला.

जुनाजाणता:
असहमत. स्ट्राइक म्हणजेच आउट हे तुम्ही गृहीत धरलंय. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांत तिसरा हुकलेला चेंडू झेलला तरच आउट, नाहीतर फलंदाजाने पळायलाच हवं. म्हणजे मुळात ही सवलत नव्हे, सक्ती होती. उंच उडालेला झेल सुटला, तर 'पिचरने फसवलं होतं ना' म्हणून आउट देतो का आपण?

डावखुरा:
मग पहिला बेस भरलेला आणि आउट दोनपेक्षा कमी असताना हे तत्त्व कुठे जातं?

जुनाजाणता:
तेव्हाही लावलं तर कॅचर मुद्दाम चेंडू पाडेल. फलंदाज पळाला की पहिल्या बेसवरच्याला पुढे सरकणं भाग, की फुकटात डबल प्ले, म्हणजे एकदम दोन आउट. ती पळवाट बुजवलीय, बस.

रात्रपाळी:
नियम राहू द्या हो, माझा राग अंपायरिंगवर आहे. १२ ऑक्टोबर २००५, शिकागो. व्हाइट सॉक्स आणि एंजल्स, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना. १-१ बरोबरी, नववा म्हणजे शेवटचा डाव, दोन आउट (तिसऱ्याला डाव संपतो). सॉक्सचा ए. जे. पिअरझिन्स्की तिसऱ्यांदा हुकला. एंजल्सचा कॅचर जॉश पॉल याने चेंडू अगदी जमिनीलगत घेतला आणि डाव संपला समजून पिचरच्या टेकाडाकडे ढकलून दिला. अंपायर डग एडिंग्जने आउट दिल्यासारखी मूठही वळली. पण पिअरझिन्स्की पळाला आणि त्याला बेस मिळाला! त्याच्या जागी पळायला आलेल्या पाब्लो ओझुनाने दुसरा बेस चोरला (फटका नसतानाच पळून गाठला), मग सॉक्सच्याच जो क्रीडी याने डबल (दोन बेसचा फटका) हाणला, सामना २-१. एडिंग्जचं म्हणणं, मूठ म्हणजे फक्त स्ट्राइक. मला तर रिप्लेत झेल स्वच्छ दिसतो. (मी सॉक्सवाला नाही, हेही सांगून टाकतो.)

तिरकस:
अंपायर कॅचरच्या पाठीमागे उभा असतो. पॉलने मूठ पाहिली कुठून? फलंदाजाला चेंडू लावून (टॅग करून) आउट करून टाकायचा, अर्ध्या सेकंदाचं काम.

रात्रपाळी:
बरोबर, पाठीमागे असतो. म्हणूनच झेल नाही तर तसं तोंडाने, मोठ्याने सांगायला हवं ना!

तिरकस:
हे मान्य. तरी टॅग करायला काय जात होतं?

डावखुरा:
५ ऑक्टोबर १९४१ आठवा. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, ब्रुकलिन डॉजर्स ४-३ ने पुढे, नववा डाव, दोन आउट. यँकीजचा टॉमी हेन्रिक तिसऱ्यांदा हुकला, सामना डॉजर्सच्या खिशात. पण चेंडू डॉजर्सचा कॅचर मिकी ओवेन याच्या हातून सुटला, हेन्रिक पहिल्या बेसवर पोचला आणि यँकीज ७-४ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी मालिकाही घेतली. याला न्याय म्हणायचं?

जुनाजाणता:
हेन्रिकनंतरही एकच आउट हवा होता. तो मिळेपर्यंत चार धावा दिल्या, त्या काय नियमाने दिल्या?