जुन्या गाडीखालचा ऑईलचा डाग : कुठून गळतं, कसं शोधता, काय बदलता?

दहा-पंधरा वर्षांची गाडी, सकाळी फरशीवर काळा डाग, आणि गॅरेजात ठरलेलं उत्तर, "चेंबरचं पॅकिंग गेलंय." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचा तेलाचा डबा. पॅकिंग बदलतात आणि आठ दिवसांनी डाग तिथंच दिसतो. ज्यांचे हात या कामात काळे झालेत त्यांनी वर गावाचं नाव टाकून लिहावं. किस्से नकोत. कुठं बघायचं, कोणता पार्ट, किती तेल, कुठं चुकतं, एवढंच सांगा. मारुती ८००, ओम्नी, अल्टो, ॲम्बेसिडर, काहीही चालेल.

परभणी

आधी ते इंजिन ऑईलच आहे का ते बघा. रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरा आणि चारही चाकांच्या जागा पेनाने त्यावर खुणा करून ठेवा. सकाळी थेंब कुठल्या भागाखाली पडलाय ते नेमकं कळतं.

काळं-तपकिरी आणि बोटावर गुळगुळीत असेल तर इंजिन ऑईल. त्याहून जाड आणि कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर गिअर ऑईल. लालसर असेल तर बहुतेक पॉवर स्टेअरिंगचं. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट. एसी लावून आलेल्या गाडीखाली नुसतं पाणी असतं, त्याची काळजी नको. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पॅडलजवळ फिकट, पाण्याने धुऊन जाणारं काही दिसलं तर ते ब्रेक ऑईल. मग गाडी जागची हलवायची नाही.

थेंबही मोजा. ढोबळ मानाने २० ते ३० थेंबांना १ मिली. रात्रीत ५० थेंब पडले तरी महिन्याला ६० मिलीच्या आसपास जातं. गेजच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांना पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. पुठ्ठ्यावर दहाच थेंब आणि हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल कमी, असं असेल तर तेल जळायलंय, नाहीतर इंजिन चालू असतानाच गळायलंय. तेल मोजताना गाडी सपाट जागेवर पाहिजे आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली पाहिजेत.

छत्रपती संभाजीनगर, वाळूज

थेंब पडतो ती जागा आणि तेल निघतं ती जागा क्वचितच एक असते. तेल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागं जातं. टॅपेट कव्हरची (इंजिनवरच्या झाकणाची) गळती चेंबरच्या मागच्या कोपऱ्यावर दिसते ती यामुळेच. आपल्याकडची काळी माती त्या तेलावर बसून दगडासारखी वाळते, तिच्याखाली काही दिसत नाही. म्हणून धुणं आधी, निदान मग.

इंजिन थंड पाहिजे. अल्टरनेटरवर पिशवी बांधा. डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन वरून खाली घासत या. बेल्टवर डिझेल पडू देऊ नका. कापडाने पुसा, मग साबणाचं पाणी फवारणीच्या बाटलीतून. एक-दीड लिटरात भागतं. टंचाईच्या महिन्यात प्रेशर वॉशरला शंभर लिटर घालायची गरज नाही, उलट तो कनेक्टरमध्ये पाणी घुसवतो.

पूर्ण वाळल्यावर संशयाच्या सगळ्या जोडांवर अंगाला लावायची पांढरी पावडर उडवा. इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. पावडरीत ओली रेघ उमटते. तिचं सगळ्यात वरचं टोक पकडा, गळती तिथं आहे. गळती फारच बारीक असेल तर ऑईलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. तो बाटलीवरच्या मापाने टाकायचा आणि अंधारात निळ्या-जांभळ्या टॉर्चने बघायचं. पण दहातल्या आठ वेळा पावडर पुरते.

आणि हे सगळं नुसत्या जॅकवर करू नका. जॅक फक्त उचलायला. खाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना ओंडके द्या. विटा नकोत, त्या वजनाखाली अचानक फुटतात.

जालना

सील (फिरत्या शाफ्टभोवतीचं रबरी कडं) बदलायच्या आधी ब्रीदर बघा! लोक हेच विसरतात. पिस्टनच्या बाजूने गॅस खाली चेंबरमध्ये येतोच, तो बाहेर काढायला पाईप असतो, तोच ब्रीदर. पाईप किंवा टॅपेट कव्हरच्या आतली जाळी काजळीने बुजली की आतला दाब सीलमधून तेल ढकलतो. मग नवं सीलही महिन्यात गळतं.

इंजिन सावकाश चालू ठेवून ऑईलचं टोपण काढा आणि भोकावर कागद ठेवा. पेट्रोल गाडीत कागद चिकटला किंवा शांत राहिला तर ठीक. उडाला तर पाईप काढून रॉकेलने धुवा, पीसीव्ही वाल्व (गॅस बाहेर सोडणारी झडप) असेल तर हलवून बघा, आत खडखड वाजला पाहिजे. डिझेलला थोडा फुसका येतोच, त्याने घाबरू नका. साफ करूनही कागद उडत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजा. सिलेंडरांमधला फरक १ किलोच्या वर असेल तर रोग रिंगांत किंवा वाल्वमध्ये आहे, सीलवर पैसे घालू नका.

लातूर

वाळूजवाल्यांचं "वरचं टोक" बरोबर. त्या टोकाशी मारुतीत बहुतेक दोनच गोष्टी सापडतात.

पहिली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. आपल्या उन्हाळ्यात आणि इंजिनच्या आचेत रबर कडक होतं, नखाने दाबलं तर खूण उठत नाही. पॅकिंग बदलताना बोल्टखालचे रबरी वॉशरही बदला, अर्धी गळती तिथूनच असते. कव्हर उलटं करून काचेवर ठेवा. डुगडुगलं तर कड वाकलीय, आधी ती सरळ करा. बोल्ट छोट्या पान्याने, दोन बोटांच्या जोराने, आलटून पालटून. मोठा रॅचेट लावला की पॅकिंग बाहेर फुगतं आणि परत गळतं. जोर करून गळती थांबत नाही, वाढते.

दुसरी जास्त फसवी. कार्ब्युरेटरवाल्या ८०० आणि ओम्नीत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याची ओ-रिंग सुकली की तेल बेलहाऊसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घरावर) उतरतं आणि खाली क्लचच्या भोकातून टपकतं. बघणाऱ्याला वाटतं मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) गेलं. ते काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं, दिवसाची मजुरी. ओ-रिंग किरकोळ पैशांची. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुडाशी आणि हेडवर एक उभी रेघ ओढा, रोटरचं तोंड कुठं आहे तेही खूण करा, म्हणजे ठिणगीचं टायमिंग हलत नाही. नवी ओ-रिंग तेलात बुडवूनच घाला, कोरडी घातली तर पिळ पडून चिरते.

धाराशिव

सर्व्हिसिंग झाल्या झाल्या गळायला लागलं तर सील-बिल सोडा, तीन जागा बघा.

फिल्टर : जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि त्यावर नवा बसतो. दोन रबरं एकावर एक, इंजिन चालू केलं की धार. काढलेल्या फिल्टरला रबर आहे का ते बघायला पाच सेकंद लागतात. नव्याच्या रबराला तेलाचं बोट, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. पाना फक्त काढायला.

ड्रेन बोल्ट : वॉशर दर वेळी नवा. बोल्ट ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास. आटे गेलेत म्हणून मोठा बोल्ट ठोकणारे आहेत, त्याने चेंबरला चीर जाते. हेलिकॉईल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या किंवा चेंबर बदला.

ऑईल बल्ब, म्हणजे प्रेशर स्विच : हा आतून फुटतो, वायरच्या टोपणात तेल भरतं. इंजिन बंद असताना थेंबही नाही, चालू असताना मात्र दाबाने फवारतं. टेफलॉन टेप गुंडाळू नका, अर्थिंग तुटलं तर ऑईलचा दिवाच लागत नाही. आट्यांना थोडं सीलंट, पहिले दोन आटे मोकळे.

नांदेड

चेंबर खरंच गळत असेल तर. आधी बोल्ट कसून बघा, पण बेताने. ते ६ मिमीचे बोल्ट असतात, १० न्यूटन-मीटर बस. त्यावर जोर दिला की पत्र्याची कड बोल्टपाशी वर येते आणि मधल्या जागी फट पडते. रस्त्यावरचा दगड लागून चेपलेल्या चेंबरचंही हेच. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून गोल हातोडीने सपाट करून घ्या.

मारुती ८०० ला चेंबर काढताना सायलेन्सरचा पुढचा पाईप आणि क्लच हाऊसिंगचं खालचं पान आडवं येतं, ते आधी सोडा. जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पटाशीने ब्लॉकवर ओरखडा पडला तर तीच नवी गळती. दोन्ही कडा थिनरने पुसा, तेलाचा अंशसुद्धा नको. सिलिकॉनची रेघ ३ मिमी, सलग, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. लगेच बसवा, बोल्ट मधून बाहेर आलटून कसा. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, रात्रभर सोडलं तर उत्तम, मग तेल. ८०० ला अडीच ते पावणेतीन लिटर लागतं. अडीच ओता, गेज बघा, मग थोडं थोडं.

सिलिकॉन जास्त म्हणजे चांगलं, ही सगळ्यात महागडी समजूत. आत सुटलेला तुकडा स्ट्रेनरच्या (तेल ओढणाऱ्या पाईपच्या) जाळीवर बसतो आणि ऑईल वर चढत नाही. इंजिन जातं, गळती राहते बाजूला.

लातूर

नांदेडकर, कागदी पॅकिंग मूळचं असेल तिथं फक्त सिलिकॉन लावू नका हेही लिहा. पॅकिंगच्या जाडीवर काही जागी मापं ठरलेली असतात.

नांदेड

मान्य. कंपनीने जे दिलं तेच. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना शेलॅक (लाखेचा चिकट लेप) थापायची सवयही सोडा, पुढच्या वेळी ते खरवडताना जीव जातो.

बीड

क्रँकची सीलं. पुढचं गेलं तर पुलीच्या मागं सगळं तेलकट होतं आणि टायमिंग बेल्ट भिजतो. तेल पिलेला बेल्ट पुसून परत लावायचा नाही, रबर फुगतं आणि दात सुटतात. बेल्ट उघडलाच आहे तर क्रँक सील, कॅम सील, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) एकाच वेळी करा. मजुरी एकदाच लागते.

मागचं सील ठरवण्याआधी बेलहाऊसिंगच्या खालच्या भोकातलं तेल बोटावर घ्या. काळं असेल तर इंजिनचं, उग्र वास असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरतो, पण पार्ट वेगळा. उतरवलाच तर दोन्ही टाका. तेल लागलेली क्लच प्लेट धुऊन चालत नाही, ताप आला की घसरते.

सील काढताना शाफ्टला ओरखडा नको. सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडून स्क्रू घाला आणि पकडीने ओढा. जुन्या सीलवर आकडे असतात, उदाहरणार्थ ३५-५०-८ : आतला व्यास, बाहेरचा, जाडी, मिलीमीटरमध्ये. ते बघूनच मोंढ्याकडच्या दुकानात मागा आणि सांगा, क्रँकला व्हायटॉन रबराचं द्या. साधं नायट्राईल १०० अंशांच्या पुढं लवकर कडक होतं, व्हायटॉन २०० पर्यंत टिकतं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडं. ओठाला तेल लावून, सीलच्या बाहेरच्या मापाचा पाईप ठेवून सरळ ठोका. शाफ्टवर नख अडकेल एवढी चाकोरी पडली असेल तर सील एक-दोन मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ नव्या जागी टेकतो. जागा नसेल तर बारीक स्लीव्ह चढवावी लागते.

हिंगोली

ॲम्बेसिडरवाल्यांसाठी. १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनला क्रँकच्या मागं रबरी सीलच नाही. शाफ्टवर उलटे आटे कापलेत, ते फिरताना तेल आत ओढतात. उतारावर उभी केली की चार थेंब पडणारच. तिथं "सील बदलतो" म्हणणाऱ्याला ते सील आधी दाखव म्हणा. ब्रीदर मोकळा ठेवा आणि खुणेच्या वर तेल भरू नका, एवढंच हातात आहे.

परभणी

जाड तेल आणि गळती बंद करणारं औषध, यावर कुणीच बोललं नाही. २०डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातलं तर थेंब कमी होतात, फाटलेलं पॅकिंग सांधत नाही. औषध कडक रबर थोडं फुगवतं. सीलचा पाझर काही महिने थांबू शकतो, चेंबर किंवा फिल्टरच्या गळतीवर त्याचा उपयोग शून्य.

जालना

काम झालं की लगेच खूश होऊ नका. १०० किलोमीटरला खाली पुठ्ठा, ५०० ला परत. टॅपेटचे बोल्ट थंड इंजिनवर एकदा तपासा, कसू मात्र नका. आणि काढलेलं तेल नालीत किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं. वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायला नेतात बरेच जण, तेही नको, काळं तेल कातडीला वाईट. झाकणाच्या डब्यात साठवा आणि परवाना असलेल्या रीसायकलवाल्याला द्या. गॅरेजवाला त्यालाच देतो का, तेही विचारा.