‘डेटा वाचवा’ म्हणजे ठेवा की कमी वापरा?

साकव (रत्नागिरी): तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी एलटीस्पाइसच्या (संगणकावर सर्किट चालवून बघायच्या सॉफ्टवेअरच्या) प्रयोगपत्रिका मराठीत करतोय. ‘फक्त हव्या त्या नोडचा (सर्किटमधल्या जोडबिंदूचा) डेटा वाचवा’ असं लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, “सर, वाचवा म्हणजे ठेवायचा की कमी वापरायचा?” प्रश्न रास्त आहे. वीज वाचवा, पाणी वाचवा, तसा डेटा वाचवा! त्यातून इथे दोन्ही करायचंय, थोडा ठेवायचा नि बाकीचा सोडायचा. ‘डॉट-सेव्ह’ (कुठला डेटा ठेवायचा ते सांगणारी आज्ञा) आणि ‘टाइमस्टेप’ (गणिताच्या दोन बिंदूंमधला वेळ) यांना काय म्हणावं?

खाजण: मराठीत बुडणाऱ्याला वाचवतात. ‘जतन करा’ लिहा, संगणकावर रुळलेलं आहे.

धारित्र: जतन? रॉ फाइल, म्हणजे सिम्युलेशनचे आकडे जिच्यात लिहिले जातात ती, जतन करायच्या लायकीची असते का? इन्व्हर्टर २० किलोहर्ट्झवर (सेकंदाला २० हजार आवर्तनं), सिम्युलेशन १ सेकंदाचं, दर आवर्तनाला ५० बिंदू धरा. झाले १० लाख बिंदू. वेळेला ८ बाइट, बाकी प्रत्येक ट्रेसला (एकेका व्होल्टेज-करंटच्या आलेखाला) ४. साठ ट्रेस असतील तर २४८ एमबी. तीनच ठेवले तर २० एमबी. डॉट-ट्रॅनमध्ये (सिम्युलेशनची वेळ सांगणाऱ्या आज्ञेत) तिसरा आकडा, म्हणजे नोंद कधीपासून ते, ०.९ दिलात की पहिले ९०० मिलिसेकंद गणित होतं पण लिहिलं जात नाही, मग उरतात २ एमबी. याला मी ‘नोंदवणे’ म्हणेन. गणित वेगळं, नोंद वेगळी.

खाजण: ‘नोंदवणे’ म्हणजे तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवणं. ‘जतन’ हा ‘यत्न’पासून आलाय, त्यात काळजी आहे.

घाटावरची: मुलं ‘सेव्ह केलं का?’ असंच विचारतात. ‘सेव्ह’ लिहा आणि मोकळे व्हा.

खाजण: ज्या रत्नागिरीत सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीवर लिहीत होते, तिथल्या मुलांना ‘सेव्ह’ शिकवायचं?

घाटावरची: तुम्ही घरी ‘आज दिनांक किती?’ असं विचारता का हो?

मालवणी खाजा: माका इचारशात तर ‘राखा’ म्हणा, काय बिघडूचा नाय. पण वर्गात ‘राखण’ (राखणदार देवाला कोंबडा देतात ती) म्हटलं की निम्मी पोरं कोंबडा कोणाचा ते विचारतील, हेही खरं.

धारित्र: शब्द कुठलाही घ्या, पण काँप्रेशनचं लिहायला विसरू नका. एलटीस्पाइस न विचारता बिंदू गाळतं. त्याची सेटिंग प्लॉटविनसाइझ मुळात ३०० असते, शून्य केलं की गाळणं बंद. एफएफटी (सिग्नलमध्ये कुठकुठल्या फ्रीक्वेन्सी आहेत तो आलेख) काढायच्या आधी ते करावंच लागतं, नाहीतर मुळात नसलेली गडबड त्यात दिसते. डॉट-मेझर (सरासरी वगैरे मोजणारी आज्ञा) हीसुद्धा नोंदलेल्या डेटावरच चालते. जो ट्रेस ठेवला नाही, त्याची सरासरी मागू नये.

साकव: ते घेतलंय. पण या गाळण्याला ‘संपीडन’ म्हणू का? संपीडनात दाबलेलं परत उलगडतं असं मुलांना वाटतं, झिप फाइलसारखं. इथे गेलेला बिंदू गेला.

कोकम सरबत: मग ‘चाळणी’. आणि सेव्हला ‘बेगमी’ का नको? फारसी ‘बे-गम’, म्हणजे चिंता नाही. आगोट भरतो तसा डेटा भरून ठेवायचा.

खाजण: आगोट भरत नाहीत. आगोट म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. भरतात ती आगोटीची बेगमी.

कोकम सरबत: आमच्या अलिबागकडे सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकडं घेतली की ‘आगोट भरली’ म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते.

खाजण: आजी म्हणते म्हणून शुद्ध होत नाही.

घाटावरची: आत्ताच तर तलाठ्याच्या सातबाऱ्यावरून ‘नोंदवणे’ बाद केलंत. तलाठी चालतो, आजी नाही?

साकव: टाइमस्टेपचं राहिलं. ‘कालपद’ कसं वाटतं? स्पाइस स्वतःच तो लहानमोठा करत असतं, आपण फक्त जास्तीत जास्त किती ते सांगतो. ‘पाऊल’ लिहिलं तर?

मालवणी खाजा: ता ठेवा बाजूक. आमच्याकडे आगोटीत सोड्यांपेक्षा गोलमो जास्त लागता. सोडे आता परवडतंत कोणाक?

कोकम सरबत: सोडे कोलंबीचे, गोलमो जवळ्याचा. दोन्ही हवेत. आणि भाव विचारू नका.